मी थांबवलेल्या मंगलाष्टका

ती मला आवडत नव्हती, हे आधीच सांगून टाकते. आजही आवडत नाही. चूक कबूल केली की दोन बायका डोळे पुसत एकमेकींच्या गळ्यात पडतात, असं काही वाचायच्या आशेनं कुणी हे हातात घेतलं असेल तर त्यांनी खुशाल खाली ठेवावं.

ती बारामती आगारात कंडक्टर. राहायला इंदापूर तालुक्यात, भिगवणच्या अलीकडच्या एका गावात. नोकरी सांभाळून लग्नाच्या मंगलाष्टका लिहून द्यायची. आमच्या भागात लग्न ठरलं की मामा, आत्या, चुलते यांची नावं गुंफलेल्या नव्या मंगलाष्टका लिहून घ्यायची हौस आहे, आणि तिच्याकडं त्यासाठी लांबलांबून निरोप यायचे. मी एकतीस वर्षं बारामतीच्या एका शाळेत मराठी शिकवलं. निवृत्तीनंतर दर रविवारी एका वाचनालयाच्या हॉलमध्ये लिहित्या माणसांची बैठक घेते. तिथं ती पहिल्यांदा आली ती ड्युटीवरून, खाकी गणवेशातच. दारातूनच मला म्हणाली, "ओ मावशी, कविता वाचत्यात त्ये हितंच का?" एकतीस वर्षं 'बाई' ऐकून सुखावलेल्या कानांना ते झोंबलं. मी तिला शेवटच्या रांगेतली खुर्ची दाखवली.

पुढंही तिचं माझं जमलं नाही. मी काही सुचवलं की बाकीच्या बायका वहीत लिहून घ्यायच्या. ही माझ्याकडं टक लावून बघायची आणि पुढच्या रविवारी जसंच्या तसं वाचायची. एकदा तिनं स्वतःच्या लेकीच्या लग्नासाठी लिहिलेली आठ कडवी वाचली. लेकीचं लग्न अजून ठरायचं होतं, पण कडवी तयार होती. मी बोटांवर वृत्त मोजत बसले होते, पहिल्या कडव्यापासून शेवटच्यापर्यंत, आणि चूक सापडत नव्हती. शेवटी आठव्या कडव्यात मला हवं ते मिळालं. 'लेकीच्या तिकिटास मोल न पुसे दारी उभी माउली', अशी ओळ होती. मी म्हटलं, मंगलाष्टकात तिकीट शोभत नाही, तिथं दुसरा शब्द घाला. ती म्हणाली, "लेक माझी हाय, गाडी माझी हाय. ऱ्हाऊ द्या." सगळे हसले. मी हसले नाही.

पण कडवी चांगली होती, आणि ते फक्त मलाच कबूल करायचं नव्हतं. पुढं दोन वर्षांनी लेकीचं लग्न ठरलं तेव्हा बैठकीतल्या मंडळींनी ठरवलं की तिच्या मंगलाष्टकांची छोटी पुस्तिका काढायची. लग्नाच्या आधी आमचा वार्षिक कार्यक्रम होता, त्यात प्रकाशन करायचं आणि प्रस्तावना मी लिहायची. मी ती अर्धी लिहिलीही होती. कौतुक करायची वेळ आली की माझी लेखणी किती कंजूष होते, ते त्या अर्ध्या पानावर स्वच्छ दिसतं.

त्याच सुमारास माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. आता तो लग्नांत निवेदन करतो आणि मंगलाष्टका म्हणतो. फेटा बांधून त्यानं माइक हातात घेतला की मांडव गप्प होतो. शाळेत निबंधात कायम पहिला. आला की वाकून पाया पडतो, आणि मी पाय मागं घेतल्यासारखं करते. त्या दिवशी तो बराच वेळ चुळबुळत बसला. मग म्हणाला, बाई, सांगू नये असं वाटत होतं, पण उद्या तुमचंच नाव खराब होईल. तुम्ही जिची पुस्तिका काढताय तिनं माझी कडवी उचलली आहेत.

पुरावा त्यानं माझ्याच घरातला आणला होता. तीन वर्षांपूर्वी लोणी भापकरला माझ्या भाच्याचं लग्न झालं, तेव्हा निवेदनाला तोच होता. त्या लग्नाचा व्हिडिओ त्यानं मोबाइलवर लावला. अंतरपाट धरलेला, भाचा बाहीनं घाम पुसतोय, आणि वर याचा तो भरदार आवाज. एकापाठोपाठ एक सात कडवी. तीच. नावं तेवढी आमच्या घरातली. भाच्याचं लग्न तीन वर्षांपूर्वीचं, आणि तिनं बैठकीत कडवी वाचली त्याला दोन वर्षं झाली होती. आधी कुणाची, नंतर कुणाची, हे दुसरीतल्या मुलालाही सांगता आलं असतं.

तिकिटाचं आठवं कडवं व्हिडिओत नव्हतं. तो म्हणाला, ते तिनं पदरचं जोडलंय, संशय येऊ नये म्हणून. आणि मला ते ताबडतोब पटलं. सात घोटीव कडवी माझ्या विद्यार्थ्याची, आणि तिकिटाचं एक त्या बाईचं. पटलं एवढंच नाही, मला बरं वाटलं. दोन वर्षांपूर्वी माझ्या बोटांना चूक का सापडली नव्हती याचा उलगडा झाला, असं मी स्वतःला सांगितलं.

एक फोन करून तिला विचारायला दोन मिनिटं लागली असती. मी केला नाही. मला विचारायचं नव्हतं, मला तिला पकडायचं होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी ती गणवेशात नव्हती. नवी साडी, केसांत गजरा, शेजारी लेक. दोघी पहिल्या रांगेत बसल्या होत्या. मी माइक घेतला आणि सांगितलं की आज पुस्तिकेचं प्रकाशन होणार नाही. दुसऱ्याच्या शब्दांवर डल्ला मारणाऱ्याला या बैठकीत जागा नाही. मग व्हिडिओची गोष्ट सांगितली, सविस्तर, वर्गात उत्तरपत्रिका वाचून दाखवावी तशी. ती उठून उभी राहिली. "मॅडम, त्या माझ्या हायेत," एवढंच म्हणाली. तिला पुढं बोलू न देता मी विचारलं, कच्चं लिखाण कुठं आहे, वही कुठं आहे. ती म्हणाली की वही नाही. गाडीवर असताना ती मनात ओळी जुळवते, घरी जाऊन लेकीला सांगते आणि लेक मोबाइलमध्ये लिहून ठेवते. तो मोबाइल केव्हाच बिघडला, टाकून दिला.

"म्हणजे साक्षीदार तुमचीच मुलगी," मी माइकवर म्हटलं.

लोक हसले. या वेळी मीही हसले. लेक काहीतरी बोलायला उठत होती, आईनं तिचं मनगट धरून तिला खाली बसवलं. थोड्या वेळानं दोघी निघून गेल्या. त्याच दुपारी मी बैठकीच्या ग्रुपवर हे सगळं पुन्हा लिहिलं, नीट परिच्छेद पाडून. असले मेसेज कुठं कुठं जातात ते सांगायला नको. तीन दिवसांत तो भिगवणला, तिच्या लेकीच्या होणाऱ्या सासरी पोचला.

लग्न भिगवणलाच झालं. सासरच्यांनी निरोप धाडला होता की चोरीच्या मंगलाष्टका आमच्या मांडवात नकोत, पाहुण्यांत हसं होईल. मग कुठल्यातरी तयार मंगलाष्टका स्पीकरवर लावल्या आणि अक्षता पडल्या. बैठकीतली एक बाई त्या लग्नाला जेवून आली होती, तिनं मला हे सांगितलं. मी काय म्हणाले ते मला चांगलं आठवतं. "बरं झालं," म्हणाले.

चार महिन्यांनी भाच्याच्या मुलाचं जावळ होतं, म्हणून लोणी भापकरला गेले. जेवणं उरकल्यावर सुनेनं पाहुण्यांना दाखवायला टीव्हीवर लग्नाचा व्हिडिओ लावला. मी कौतुकानं समोर बसले, माझा पुरावा मोठ्या पडद्यावर बघायला. अंतरपाटाचा प्रसंग आला, भरदार आवाज सुरू झाला, आणि शेजारी बसलेली माझी धाकटी बहीण, म्हणजे भाच्याची आई, सुपारी कातरत म्हणाली, "अक्का, ह्यो आवाज मागनं बसवलाय बरं का. त्या दिवशी कुठं काय ऐकू आलं? लाइट न्हवती का गेली?"

लाइट गेली होती. गेली होतीच. त्या दिवशी पुढाऱ्यांचे सत्कार संपता संपेनात. शाल झाली, नारळ झाले, प्रत्येकाचा दोन शब्दांचा आशीर्वाद झाला आणि मुहूर्त टळून गेला. अंतरपाट धरला आणि लाइट गेली. जनरेटरही बंद पडला. माइक मेला. आमचा हा गायक हातात माइक घेऊन कडेला उभा राहिला, आणि माझ्या भावानं, म्हणजे नवऱ्या मुलाच्या मामानं, बसलेल्या घशानं जुन्या पाठ मंगलाष्टका ओरडून म्हटल्या. मागच्यांना काही ऐकू येईना म्हणून लोकांनी अंदाजानं अक्षता टाकल्या. मी दुसऱ्या रांगेत होते. 'सावधान' मी स्वतः ओरडले होते, मागच्यांना कळावं म्हणून.

म्हणजे मी तिथं होते. माझ्या दोन कानांनी दुसऱ्याच मंगलाष्टका ऐकल्या होत्या. आणि तरी तीन वर्षांनी मोबाइलवर जे ऐकवलं ते मी खरं मानलं. लग्नाचा व्हिडिओ आमच्याकडं कधीच वेळेवर मिळत नाही. भाच्याच्या लग्नाचा पेनड्राइव्ह दीड वर्षानं आला होता, शूटिंगवाल्याला पन्नास फोन केल्यावर. त्यातला आवाज नंतर चढवतात हे शेंबडं पोरही सांगेल. हळदीच्या शूटिंगमध्ये दोन जावा तावातावानं भांडत असतात आणि वर सनईचे सूर चालू असतात. हे मला माहीत होतं. पण ज्या दिवशी आठवायला हवं होतं त्या दिवशी मला ते आठवायचं नव्हतं.

राहिला प्रश्न, त्याच्याकडं तिची कडवी आली कुठून. दुसऱ्या दिवशी दुपारी बारामतीला येऊन मी त्याची माझी मोबाइलवरची जुनी बोलणी उघडली आणि मागं मागं जात राहिले. सणांच्या शुभेच्छा, गुरुपौर्णिमेचे हात जोडलेले फोटो, आणि त्यांच्यामध्ये तिचा आवाज. बैठकीत वाचणाऱ्या प्रत्येकाचं मी रेकॉर्डिंग करते, तसं तिचंही केलं होतं. ज्या रविवारी तिनं वाचलं त्याच संध्याकाळी मी ते त्याला पाठवलं होतं, खाली लिहून, 'ऐक. मंगलाष्टकात तिकीट! काय काय सहन करावं लागतं बघ.' पेनड्राइव्ह यायच्या सहा महिने आधी.

हसायला म्हणून पाठवलं होतं. चोरी त्यानं केली, पण घराचं दार मी उघडून दिलं होतं आणि वर ज्याचं घर फोडलं त्यालाच चोर म्हणून उभं केलं होतं. मला स्वतःची किळस आली. शब्द मोठा वाटेल, पण दुसरा नाही.

मी त्याला फोन केला. वाटलं होतं गयावया करेल. तो म्हणाला, "बाई, मंगलाष्टकांना कुठं मालक असतो का? आज इथं म्हटलेलं उद्या तिथं म्हणायचं." मग तिला चोर का म्हणालास, असं मी विचारलं तेव्हा हळूहळू बाहेर आलं. इंदापूरच्या एका लग्नात तिनं स्वतःची कडवी त्याच्या तोंडून ऐकली होती आणि मांडवाच्या दारातच त्याला अडवून जाब विचारला होता. ती हे आमच्या बैठकीत काढणार, या भीतीनं तो आधी माझ्याकडं आला. व्हिडिओवर आवाज चढवताना तिकिटाचं कडवं का गाळलं तेही त्यानं सांगितलं. आमच्या सुनेची आई काही कंडक्टर नव्हती, ते कडवं तिथं बसलंच नसतं. एवढं साधं होतं. "आणि पाठवलं तर तुम्हीच होतं बाई," तो शेवटी म्हणाला. त्यावर मी त्याला जे बोलले ते शाळेत कुठल्याही पोराला कधी बोलले नव्हते. तेव्हापासून तो पाया पडायला आलेला नाही. माझे पाय सुखात आहेत.

तिला फोन करायचं धाडस झालं नाही. स्टँडवर चौकशी केली आणि तिच्या भिगवणच्या गाडीत जाऊन बसले. ती तिकिटं काढत माझ्यापर्यंत आली, मला ओळखलं आणि चेहऱ्यावरची रेघही न हलवता विचारलं, "कुठं?" मी म्हटलं, भिगवण, आणि मला तुमच्याशी बोलायचंय. ती म्हणाली की ड्युटीवर आहे, आणि पुढच्या सीटकडं वळली. तासाभराच्या प्रवासात तिनं एकदाही मागं पाहिलं नाही. मला राग आला, हेही लिहायला हवं. मी आपणहून आले आहे, वयानं मोठी आहे, याची काही किंमतच नाही का, असं वाटलं. माफी मागायला निघालेलं माणूस वाटेत किती मानपान शोधतं, हे मला तेव्हा कळलं.

भिगवणला गाडी थांबली तेव्हा स्टँडच्या भिंतीपाशी मी तिला सगळं सांगितलं. लाइट गेल्याचं, पेनड्राइव्हचं, रेकॉर्डिंग माझ्याकडून गेल्याचं. काही लपवलं नाही. आवाज मात्र हळू ठेवला, आजूबाजूला माणसं होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"चोर म्हणताना माइकवर म्हणाला," ती म्हणाली, "आन माफी कानात मागता व्हय?"

आणि गाडीत चढून तिनं घंटी दिली.

पुढच्या रविवारच्या बैठकीला मी सगळ्यांना बोलावलं. आमचे अध्यक्ष निवृत्त अधिकारी आहेत, त्यांनी मला आदल्या दिवशी वाचून दाखवायला एक वाक्य लिहून पाठवलं, की काही गैरसमज झाला होता, तो दूर झाला आहे. मी त्यांना सांगितलं की गैरसमज झाला नव्हता, खोटेपणा झाला होता, आणि तो मी केला होता. त्यांना ते रुचलं नाही. बैठकीची बदनामी होईल म्हणाले. तिची झाली तेव्हा तुम्ही पुढच्या रांगेत हसत होता, असं मी म्हटल्यावर त्यांनी फोन ठेवला.

मी त्याच माइकवर उभी राहिले आणि सांगितलं. आठही कडवी तिची आहेत. सात माझ्या विद्यार्थ्यानं चोरली. ती त्याच्या हातात मी दिली. मी खोटं ऐकलं आणि तिला एक शब्दही न विचारता पसरवलं, कारण मला ते खरं असायला हवं होतं. मग आठही कडवी वाचली. तिकिटाची ओळ दोनदा वाचली, वृत्तासाठी नाही. ती आली नव्हती. लेकही नव्हती. मी खाली बसल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि कुणीतरी उठून म्हणालं की चूक मान्य करायला मोठं मन लागतं. मला त्या माणसाच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. जिनं लिहिलं तिच्या वाट्याला लोकांचं हसणं आलं होतं, आणि जिनं तिला लुटलं तिच्या वाट्याला टाळ्या.

ग्रुपवरही लिहिलं. लेकीच्या सासरी मी स्वतः फोन करून सांगितलं. सासरे म्हणाले, झालं गेलं जाऊ द्या बाई, आमच्या मनात काही नाही. त्यांच्या मनात काही नव्हतंच, फक्त कानात होतं, आणि ते मी घातलं होतं.

महिनाभरानं प्रस्तावना पुरी करून मी तिच्या गावी गेले. चार पानं झाली होती आणि या वेळी एकाही शब्दाची कंजुषी केली नव्हती. तिची सुट्टी होती. ओट्यावर बसून शेंगा फोडत होती. मी कागद पुढं केले आणि म्हटलं, पुस्तिका आता काढूच, छपाईचं मी बघते, सगळ्यांना कळू दे. तिनं कागदांकडं पाहिलं, हात लावला नाही. पुस्तिका काढायची नाही म्हणाली. मी समजावत राहिले. इतकी चांगली कडवी वाया घालवू नका, शब्द राहिले पाहिजेत, दुसऱ्या मुलींच्या लग्नात म्हटली जातील. शिक्षकी पेशाची जुनी खोड, समोरचा गप्प बसला की आपलं पटतंय असं वाटतं.

तिनं हातातली शेंग खाली ठेवली.

"मॅडम, लेकीवर अक्षता पडताना आईनं मांडवात थांबायचं नसतंय. तुमाला ठावं आसंल. तुळशीला पानी घालत बसायचं. माझ्या आईनं तसंच केलं, मी बी केलं. डोळ्यानं तर बघायचं न्हाय. म्हणून त्या आठ लिवल्या हुत्या. मी तितं नसंन, पर माझं बोलनं तिच्या कानावर पडंल."

मी पुढं केलेला हात खाली घेतला.

"कार्यालयाच्या मागल्या अंगाला तुळशीपाशी बसले हुते मी, तांब्या घिऊन. स्पीकरवर कुनाच्यातरी लागल्या. माझ्या लेकीचं लगीन लागतंय का दुसऱ्या कुनाचं, मला कळंना. आता छापून कुनाच्या कानावर घालू?"

आमच्याही घरात ही रीत आहे. माझ्या बहिणीच्या लग्नात माझी आई अशीच मागच्या अंगणात बसली होती, आणि आतलं सगळं कानांनी गोळा करत होती. मला ते माहीत होतं. तरी तिनं सांगेपर्यंत मी पुस्तिकेच्याच गोष्टी करत होते.

मी प्रस्तावनेचे कागद पिशवीत घातले. तिनं मला चहा विचारला नाही, बस म्हणाली नाही, जा असंही म्हणाली नाही. पुन्हा शेंगा फोडायला लागली. मी ओट्यावरून उतरले आणि एकटीच रस्त्याला लागले. तिला मांडवात जाता येत नव्हतं ते रीतीमुळं. तिचा आवाजही जाऊ दिला नाही तो मी.